मंगळवारचं पाणी

आमचं शेत चारीच्या टोकाला आहे. कालव्यातून निघालेली चारी सत्तावीस शेतं ओलांडून आमच्या बांधाशी येते आणि तिथून पुढं ओढ्यात उतरते. टोकाच्या माणसाला पाणी शेवटी मिळतं आणि बहुतेक रात्रीच मिळतं, कारण दिवसाच्या पाळ्या वरच्या अंगाला संपलेल्या असतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे असंच. सासरे म्हणायचे, आपला गहू उन्हात वाढतो, पण पाणी पिताना त्यानं सूर्य कधी बघितला नाही.

पाळी कधी, हे पाटकरी सांगायचा. कालव्याच्या पाण्याची वाटणी करणं हे त्याचं काम. सायकल बांधाला टेकवायचा, एक पाय पेडलवरच ठेवायचा आणि हाक द्यायचा, "मंगळवारची रात्र, दीडला. दोन माणसं या दारं धरायला." आमचे हे असेपर्यंत नुसतं फावडं वर करायचे. ऐकलं, एवढाच अर्थ. ते गेल्यावर मी फावडं वर करू लागले. पाटकऱ्याच्या वहीत दिवस उजाडल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या उजाडण्यापर्यंत असायचा. ज्या दिवशी माणूस राबला, त्याच दिवसाची ती रात्र. आम्ही सगळेच तसं मोजायचो. वेगळं कुणी मोजतं हे आम्हाला ठाऊकही नव्हतं.

मी सांगते त्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि कालव्याला तीनच वेळा पाणी सुटणार होतं. त्याच वर्षी पाटकऱ्याची वही बंद झाली. पाण्याच्या कार्यालयानं ठरवलं की नाव फोनवर नोंदवायचं, पाळी फोनवर येईल. पाटकऱ्याला दारांना रंग द्यायच्या कामावर घातलं.

घरात आम्ही तिघं. मी, माझी धाकटी जाऊ आणि तिचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी. भाऊजी उन्हाळ्यात भरल्या गाडीवरून पडले होते. खुबा मोडला. आठ महिने ते दाराशी खाटेवर होते. उठायचे ते काठी घेऊन, परसापर्यंत. सगळी कामं आम्हा दोघींवर आली होती आणि ते खाटेवरून सूचना द्यायचे. जाऊ म्हणायची, "खुबा मोडला, पण जीभ बघा कशी धडधाकट राहिली." ते हसायचे. पण आम्ही फावडी घेऊन निघालो की भिंतीकडं तोंड करून पडायचे, ते मला दिसायचं.

फोन जावेच्या मुलीनं पाठवलेला. ती लांब नोकरीला होती. तिचा जुना फोन, काचेचा कोपरा तडकलेला. घरात त्याला रेंज यायची नाही. शेतात यायची नाही. यायची ती गिरणीपाशी, कारण गिरणी चढावर होती. म्हणून फोन घेऊन दळणाला जायचं, नाहीतर दळण घेऊन फोनला जायचं.

गिरणीवाली तिशीतली बाई. नवरा गाडीवर चालक, गिरणी हीच चालवायची. अंगावर पिठाचा थर, भुवया पांढऱ्या. तिनं आमचं नाव नोंदवायला घेतलं. गिरणीचा पट्टा थांबवला, हात पुसले, भराभर सगळं भरलं. गट क्रमांक, क्षेत्र दीड एकर, पीक गहू. मग म्हणाली, "काकी, आता एक नंबर येईल. तो सांगा."

फोन वाजला. जावेनं तो तिच्या हातातून ओढून घेतला आणि छातीशी धरला.

"नंबर सांगायचा नसतो."

"अहो काकी, आपल्याच कामासाठी आलाय तो."

"बँकेतल्या बाईनं सांगितलंय. कुणी कितीही गोड बोललं तरी नंबर सांगायचा नाही. पोलीस म्हणाला तरी नाही."

गिरणीवालीनं माझ्याकडं बघितलं. जावेच्या माहेरी तिच्या चुलत्यानं असाच एक नंबर कुणाला तरी सांगितला होता आणि म्हातारपणाची सगळी पुंजी गेली होती. तेव्हापासून तो माणूस ओट्यावर नुसता बसून असायचा.

"बरं," गिरणीवाली म्हणाली. "नकाच सांगू. उद्या तुमचं काही इकडचं तिकडं झालं तर माझ्या गळ्यात यायचं. तुम्हीच टाका. मी तिकडं तोंड करते."

ती खरोखरच भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. जावेनं बोट लावलं. फोननं ते घेतलंच नाही. खुरपून खुरपून तिच्या बोटांना घट्टे पडलेले, थंडीनं भेगा गेलेल्या. काचेला ते बोट लाकडासारखं लागत असेल. तिनं बोटावर फुंकर मारली, जिभेनं ओलं केलं. मग भलताच आकडा उठायचा. माझं बोट लावून बघितलं. माझंही तेच. तोवर त्या नंबराची वेळ संपली. दुसरा आला, तोही गेला. शेवटी गिरणीवालीनं कोमट पाणी आणून दिलं, जावेनं हात बुडवून ठेवले, पुसले, करंगळीनं एकेक आकडा दाबला आणि तिसऱ्या खेपेला नाव लागलं. मागं चार जणी डबे घेऊन ताटकळत होत्या. एक म्हणाली, "एवढ्या वेळात मी विहीर खणली असती." जावेनं फोन पदरानं पुसून पिशवीत ठेवला. कपाळावर घाम होता तिच्या, भर थंडीत.

पहिली दोन पाणी दिवसाची मिळाली. काही अडलं नाही. तिसरं पाणी शेवटचं, आणि तेच महत्त्वाचं. गहू ओंबीवर आला होता. ओंबी चिमटली तर आतून दुधासारखा थेंब यायचा. त्या दुधाचा दाणा होतो, पण तेव्हा मुळाशी पाणी पाहिजे. नसलं तर ओंबी उभी राहते, आत नुसतं टरफल.

रविवारी दळणाला गेलो तर फोनवर पाळी आली होती. गिरणीवालीनं वाचून दाखवली. "बुधवार, ०१:३० ते ०४:३०. म्हणजे बुधवारी रात्री दीडला. साडेचारपर्यंत."

"तीन तास. पुरतील," मी म्हटलं.

सोमवार, मंगळवार आम्ही चारीचा आमच्या वाट्याचा तुकडा साफ केला. तिथं पाणगवत माजलेलं, मुळं हातभर खोल. कंबर वाकवून ओढायचं, मुळासकट निघालं की तोल मागं जायचा. वाफ्यांचे बांध फुटले होते तिथं ओली माती थापली. मंगळवारी संध्याकाळी घरी आलो तर जावेला पाठ सरळ करता येईना. भाऊजी म्हणाले, "तेल लावून झोपा दोघी. उद्या रात्री जागायचंय." आम्ही झोपलो. मेल्यासारख्या झोपलो.

बुधवारी आम्ही दोघी वरच्या अंगाच्या बागवाल्याकडं रोजानं खुरपायला गेलो होतो. संध्याकाळी परत येताना चारी बघितली. तळ ओला होता, कडेचं गवत वाकलेलं, खड्ड्यांत पाणी साचलेलं. जाऊ खूश झाली. "वर सुरू झालंय बघा. येतंय आपल्यापर्यंत."

मलाही तसंच वाटलं. चाळीस वर्षं पाणी धरलेली बाई मी, ओल ताजी की शिळी हे हात लावल्यावर कळतं मला. मी हात लावला नाही. हे मी अजून स्वतःला विसरू देत नाही.

त्या रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. आम्ही बांधावर बसलो, पाणी आलं नाही.

सकाळी तशाच, चिखलाशिवायच्या पायांनी, गिरणीवर गेलो. रेंज आली तसा फोन वाजला. गिरणीवालीनं वाचलं आणि तिचा चेहरा बदलला. "मावशी, यात आहे की पाळी पूर्ण झाली. कालच सकाळी आलंय हे. आणि पाणी कसं वाटलं म्हणून तारे द्यायला सांगितलेत. पाचपैकी."

"कसले तारे?"

"खूश असलात तर पाच द्यायचे."

जावेनं फोन घेतला, पिशवीत टाकला, पिशवीला गाठ मारली.

कार्यालयात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. खिडकीला काच, काचेला खाली अर्धगोल भोक. बोलायचं तर वाकून बोलावं लागायचं. आतला कारकून पंचविशीचा, सडपातळ, स्वेटर घातलेला. वाईट पोरगा नव्हता.

मी सांगितलं, "आमची पाळी आली नाही."

त्यानं गट क्रमांक विचारला, समोर बघितलं. "आली की आजी. दीड ते साडेचार, दार उघडं होतं. पूर्ण पाणी गेलंय."

"आम्ही रात्रभर बांधावर होतो."

"कधी?"

"काल. बुधवारी रात्री."

त्यानं पुन्हा समोर बघितलं. मग म्हणाला, "आजी, बुधवार दीड म्हणजे मंगळवारी रात्री. झोपल्यानंतर. रात्री बाराला तारीख बदलते ना."

"कुणाची?"

"सगळ्यांची."

"आमची नाही बदलत," जाऊ वाकून म्हणाली. "आम्ही मंगळवारी झोपलो. उठल्याशिवाय बुधवार कसा होईल?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. कारकून हसला नाही. म्हणाला, "काकी, मशीनला तेवढंच कळतं. मशीन झोपत नाही."

"मग पाण्याचं काय?"

"गेलं ते गेलं. तुमची पाळी वापरली असं लागलंय. पण शनिवारी एक शिल्लक पाळी आहे. वरच्या दोघांनी विहिरीवर भागवलं, त्यांचे सहा तास उरलेत. पहाटे पाच ते अकरा. उद्या सकाळी दहाला मागणी उघडेल, पहिला मागेल त्याला मिळेल."

"मग आमचं लिहून घ्या ना बाळा. आम्ही आलोच आहोत."

"इथून नाही घेता येत. फोनवरूनच." त्यानं भिंतीकडं बोट केलं. तिथं एक कागद चिकटवलेला, त्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन. "फोन त्याच्यासमोर धरायचा."

आम्ही दोघी त्या चौकोनासमोर जाऊन उभ्या राहिलो. जावेनं पिशवीची गाठ सोडली, फोन काढला, चौकोनासमोर धरला. काही झालं नाही. तो बंद पडलेला होता, रात्री बांधावर त्याचीच बॅटरी जाळलेली. जरा वेळ आम्ही तशाच उभ्या राहिलो, कारण लगेच वळून सगळ्यांसमोरून जायचं धाडस होईना.

येताना कालव्याच्या दाराशी पाटकरी दिसला. लोखंडी दाराला निळा रंग देत होता. हातावर, मिशीवर निळे ठिपके. मी सगळं सांगितलं. तो कुंचला डब्यावर आडवा ठेवून ऐकत राहिला.

"वहिनी, तुमचं एकट्यांचं नाही," तो म्हणाला. "शिंप्याचं तसंच झालं. मेंढक्याचं झालं. माळ्याच्या म्हातारीचं झालं. टोकाची चारही घरं. सगळं पाणी ओढ्यात. मी असतो तर ओरडून उठवलं असतं, पण मला सांगितलंय की रंगाशिवाय कशाला हात लावायचा नाही."

"उद्या दहाला मागायचंय. बागवाला मागेलच."

"तो घरात बसून मागतो. चांगली रेंज, चांगला फोन." त्यानं नाकावरचा ठिपका पुसला, तो गालावर पसरला. "एक करा. चौघांनी चार फोनवरून मागू नका. गिरणीवर चार फोन एकदम लागले की चारही गोगलगाय होतात. एकाच्या नावावर मागा आणि वाटून घ्या. माझ्या वहीतही शिल्लक पाणी असंच जायचं. टोकापासून वर, प्रत्येकाला सारखं."

सहा तासांत चार घरं. दीड तास. आम्हाला तीन पाहिजे होते. जावेनं वाटेत दोनदा तेच म्हटलं. "आपल्याला दीडच. अर्धं रान."

"आत्ता तर तेही नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी शिंपी, मेंढक्या आणि माळ्याची म्हातारी ओट्यावर आले. तिघंही तयार झाले. आमच्या नावावर मागायचं ठरलं, कारण आमचं रान सगळ्यांत टोकाचं. त्यांनी आपापले फोन सकाळी बंद ठेवायचे. शिंपी उठताना म्हणाला, "म्हणजे आम्ही हात बांधून घेतले, वहिनी. आता तुमच्यावर." साधंच बोलला, पण मला रात्रभर ते आठवत होतं.

ते गेल्यावर प्रश्न उरला नंबराचा. जाऊ गिरणीवालीला नंबर सांगणार नाही. फोन आमची बोटं घेत नाही. तिसऱ्या खेपेला जमून चालणार नव्हतं. आम्ही दोघी चुलीपुढं बसून कोमट पाण्यात हात बुडवून बघत होतो. फोन चार्जिंगला लावलेला, खाटेजवळ. भाऊजी तो हातात घेऊन उगाच काचेवर बोट फिरवत होते. चित्रं इकडची तिकडं सरकत होती. एकाही वेळी अडलं नाही.

मी म्हटलं, "भाऊजी, तुमचं बोट घेतोय की तो."

त्यांनी बोटाकडं बघितलं. मऊ झालं होतं. घट्टे सोलून गेले होते, नखं स्वच्छ. "आठ महिन्यांत काय केलंय या हातानं? घेणारच," ते म्हणाले.

जावेनं त्यांच्याकडं निरखून बघितलं. "नंबर घरच्या माणसाला चालतो का?"

"बँकेतल्या बाईला विचार. मी घरचा आहे का म्हणून."

"विचारते," ती म्हणाली. पण हसली.

सकाळी शिंप्यानं त्याची कापडाचे गठ्ठे न्यायची हातगाडी आणली. त्यावर गोधडी घातली, भाऊजींना बसवलं. आठ महिन्यांनी ते गावातून जात होते, तेही गाडीवर, पाय लांब करून. लोक दारात येऊन बघत होते. एक जण म्हणाला, "काय, कुठं निघाली स्वारी?" भाऊजी म्हणाले, "दळायला चाललोय. बघू किती पीठ निघतं." पण गाडीची कड त्यांनी घट्ट धरली होती, बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत. चढावर मी आणि जाऊ मागून ढकलत होतो. चाकाखाली खडा आला की त्यांचा खुबा हबकायचा आणि ते डोळे मिटायचे, आवाज करायचे नाहीत.

गिरणीवालीनं गिरणी बंद केली. डबेवाल्या बायकांना सांगितलं, दहा वाजून दहा मिनिटांपर्यंत दळण नाही. कुणी कुरकुरलं नाही. सगळ्या भिंतीला टेकून बसल्या. गिरणी थांबल्यावर एवढी शांतता व्हायची की छपरावर चिमण्या चालताना ऐकू यायच्या.

दहाला मागणी उघडली. गिरणीवालीनं क्रमांक भरला, पाळी निवडली, पुढं दाबलं. फोन गरगर फिरत राहिला. "येतोय, येतोय," ती म्हणत होती. मग फोन वाजला.

"नंबर आला. मी चालले," म्हणत ती भिंतीकडं वळली. सगळ्या बायकाही वळल्या, कुणी न सांगता. जावेनं फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि त्यांच्या कानाशी वाकली. नंबर ती मोठ्यानं बोलणारच नव्हती. भाऊजींनी दाबायला सुरुवात केली. चार आकडे झाले, पाचवा चुकला.

"पुसा," जाऊ म्हणाली.

"कसं पुसायचं?"

"ते बाणासारखं आहे ते," गिरणीवाली भिंतीकडं बघतच म्हणाली. "डावीकडं बाण, त्यात फुली."

त्यांनी पुसलं, पाचवा दाबला, सहावा दाबला. फोन पुन्हा फिरला. मी फोनकडं बघत नव्हते, भाऊजींच्या तोंडाकडं बघत होते. ते ओठ हलवत वाचत होते.

"आपली मागणी मंजूर," ते म्हणाले. "शनिवार. ०५:०० ते ११:००." मग पुन्हा वाचून म्हणाले, "म्हणजे उद्या उजाडताना. परवा नाही. मी दोनदा वाचलंय."

दहा वाजून चार मिनिटं झाली होती. गिरणीवालीनं पट्टा चढवला. बायका डबे घेऊन उठल्या. माळ्याची म्हातारी भाऊजींच्या गाडीपाशी आली, तिचा फोन पुढं केला आणि म्हणाली, "बाबा, माझ्यात काय काय आलंय, तेवढं वाचतोस का? पोरगा लांब आहे. वर्ष झालं, तसंच पडलंय सगळं." भाऊजींनी चष्मा मागितला. आम्हाला घरी निघायला बारा वाजले.

शनिवारी पाणी वेळेवर आलं. आधी आवाज येतो, गवतात काही सरपटतंय असा, मग पुढं पालापाचोळा ढकलत मातकट फेस येतो. थंडी होती. पाण्यात पाय घातला की हाड दुखायचं. मी दार धरलं, जाऊ वाफ्यावाफ्यानं पुढं. एक वाफा भरला की ती हाक द्यायची, मी फावड्यानं माती ओढून तोंड बंद करायची आणि पुढचं उघडायची. उजाडलं तेव्हा आम्ही दहाव्या वाफ्यावर होतो.

वाफे बावीस. अकरावा भरत आला तेव्हा साडेसहा झाले. वरच्या बांधावर शिंपी आपल्या दाराशी उभा होता. फावडं जमिनीत रोवून, दोन्ही हात त्यावर. तो काही मागत नव्हता, आमच्याकडं बघतही नव्हता. बघायचं टाळत होता.

जावेनं स्वतःच बारावा उघडला.

"झालं," मी म्हटलं.

"बारावा तरी."

"वेळ झाली."

"जाऊबाई, पाणी आपल्या नावावर आहे." तिनं वर बघितलं नाही. पाण्यात उभी, गुडघ्यापर्यंत चिखल, हात लाल झालेले. "नंबर आपण टाकला. गाडीवर बसून माझा नवरा गेला. सगळ्या गावानं बघितलं. ते काय शिंप्यासाठी?"

"गाडी शिंप्याची होती," मी म्हटलं.

ती उभीच राहिली. बाराव्यात पाणी शिरत होतं, जिभेसारखं, कोरड्या भेगांत. मी तिच्याकडं गेले नाही. चारीचं आमचं मुख्य दार होतं तिथं गेले आणि माती ओढली. पहिल्या फावड्याला पाणी माती घेऊन गेलं. दुसऱ्याला थोडं राहिलं. माझे दात वाजत होते थंडीनं. तिसरं फावडं मी मारायच्या आत शेजारून धपकन मातीचा गोळा पडला. जाऊ आली होती. तिनं एकामागून एक पाच ढेकळं टाकली, पायानं दाबली आणि फावडं घेऊन घरी निघून गेली. पाणी वर तुंबलं. शिंप्यानं आपलं दार उघडलं.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची, बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी मीठ कुठं आहे म्हणून विचारलं. मीठ कुठं असतं ते तिला माहीत होतं.

गहू काढणीला आला तेव्हा रानात रेघ दिसत होती. अकराव्या वाफ्यापर्यंत ओंब्या वाकलेल्या, रंग जड सोन्यासारखा. त्यापुढं सरळ उभ्या, पांढुरक्या, वाऱ्यानं खडखड वाजणाऱ्या. अशी रेघ मी आयुष्यात रानात बघितली नव्हती. दुष्काळात सगळं रान जातं. इथं कुणीतरी सुरीनं कापल्यासारखं अर्धं गेलं होतं. आम्ही दोघींनी दोन्हीकडचं कापलं. रेघेअलीकडचं हातात जड लागायचं, पलीकडचं कापतानाच कळायचं की आपण काड कापतोय. जनावरांना झालं ते.

मळणी झाल्यावर मी जावेला म्हटलं, "कार्यालयात जाऊन येऊ."

"कशाला? फोनवरून तक्रार करा म्हणेल."

"म्हणू दे."

तो तसंच म्हणाला. "आजी, तक्रार फोनवरून..."

मी खिडकीपाशी थांबले नाही. बाजूचं दार उघडं होतं, आत गेले आणि त्याच्या टेबलावर दोन ओंब्या ठेवल्या. शेजारीशेजारी.

"या ओंबीला शनिवारी पाणी मिळालं," मी म्हटलं. "ही मंगळवारच्या पाण्याची वाट बघत होती."

तो आधी दाराकडं बघायला लागला, कुणी आलंय का. मग त्यानं पहिली ओंबी उचलली, तळहातावर चोळली, फुंकर मारली. शेतकऱ्याचा पोरगा असावा. दाणे टपोरे, तळहातभर. ते त्यानं कागदावर ओतले. दुसरी चोळली, फुंकर मारली. हातात काही राहिलं नाही. टरफल त्याच्या स्वेटरला चिकटलं. ते तो एकेक करून काढत बसला, बराच वेळ.

"तारखेचं मला बदलता येत नाही," तो म्हणाला. "ते वरून येतं."

"तारीख राहू दे," मी म्हटलं.

"पण फोनवर पाळी जाते तिच्या खाली ओळ घालता येते. दोन ओळींची जागा आहे. कधी कुणी वापरली नाही." त्यानं कोरा कागद ओढला, पेन घेतलं. "पाटकरी कसं सांगायचे? शब्दन् शब्द सांगा. आणि ज्यांना फोन वाचता येत नाही त्यांना कोण वाचून दाखवतं?"

"गिरणीवर आमचे हे बसतात," जाऊ म्हणाली. "दर रविवारी. लिहा ते पण."

त्यानं लिहून घेतलं. मग मी सांगू लागले, तो लिहू लागला, आणि भरभर लिहितोय असं दिसल्यावर जावेनं त्याच्या कागदावर बोट ठेवून त्याला थांबवलं.

"सावकाश," ती म्हणाली. "आधी वाचून दाखव, कुठल्या दिवसाची रात्र लिहिलीस ते."